आकडा वाढला, अभिनंदन!

गडचिरोली-चंद्रपुरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक प्रयोग फुकट बघायला मिळतो. बोटाला सुई, रक्ताचा थेंब, नळीत थोडं द्रावण. द्रावणात डायथायोनाइट नावाचं रसायन असतं, ते रक्तातला ऑक्सिजन ओढून घेतं. पाचेक मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर पोरगं सुटलं. गढूळपणात हरवल्या तर सिकलसेल 'पॉझिटिव्ह'. आता ते नुसतं वाहक, म्हणजे 'एएस पॅटर्न', की खरोखरचा रुग्ण, म्हणजे 'एसएस', हे नळी सांगत नाही. त्यासाठी रक्त पुढच्या तपासणीला जातं आणि अहवाल यायचा तेव्हा येतो.

त्या गढूळ नळीत काय घडतं, हे विज्ञानाला सत्तर वर्षांपासून अगदी मुळापर्यंत ठाऊक आहे. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. एखाद्या आजाराला 'रेणूचा आजार' म्हणण्याची ती पहिलीच वेळ. १९५६-५७ मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रमने जागाही दाखवली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. बस, एवढंच. व्हॅलिनला पाण्याचं वावडं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की शेजारच्या रेणूवर, ८५ आणि ८८ क्रमांकाच्या अमिनो आम्लांपाशी, एक खळगी उघडी पडते आणि हे व्हॅलिन धोतराला कुसळ रुतावं तसं तिथे रुततं. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, अशा चौदा पदरांच्या दोऱ्या वळल्या जातात, तांबडी पेशी ताठरते, विळ्याच्या आकाराची होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि गडचिरोलीतल्या भामरागडचं पोरगं हाडं धरून रात्रभर ओरडतं.

प्रथिनांची घडी संगणकाने ओळखण्याबद्दल २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल दिलं गेलं. इथे संगणकाची गरजच नव्हती. शत्रूचं नाव, गाव, घर नंबर सगळं हाती होतं. औषध 'डिझाइन' करणाऱ्यांना याहून सोपा पेपर कोण काढणार?

त्यांनी तो सोडवलाही, आणि फार सुंदर सोडवला. तर्क असा: रेणू एकमेकांना चिकटतात ते ऑक्सिजन सुटल्यावर. मग हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडूच देऊ नका! व्हॉक्सेलोटर नावाचा रेणू हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाला जाऊन बसतो आणि ऑक्सिजन धरून ठेवायला लावतो. चाचणीत रुग्णांचं हिमोग्लोबिन वाढलं. तेवढ्या आकड्यावर २०१९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेने घाईची मंजुरी दिली. दुखण्याचे झटके ठोस म्हणावे असे कमी झाले नव्हते, पण आकडा तर वाढला होता ना! वर्षाचा खर्च सव्वा लाख डॉलर. २०२२ मध्ये फायझरने हे औषध बनवणारी अख्खी कंपनी ५.४ अब्ज डॉलरला, म्हणजे ४० हजार कोटी रुपयांहून जास्त मोजून घेतली. आणि २५ सप्टेंबर २०२४ ला औषध जगभरातून मागे घेतलं, कारण पुढच्या माहितीत झटके आणि मृत्यू उलट जास्त दिसू लागले. २०१९ च्या त्याच नोव्हेंबरात मंजूर झालेलं दुसरं औषध क्रिझानलिझुमॅब. पुढच्या मोठ्या चाचणीत ते नुसत्या सलाइनच्या पुढे काही गेलं नाही, आणि २०२३ मध्ये युरोपने त्याची मंजुरी काढून घेतली.

हसू नका. आकडा वाढला की पेढे वाटायची सवय काही फक्त अमेरिकेची नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू केलं. २०४७ पर्यंत आजार संपवायचा, आणि त्याआधी सात कोटी लोकांची तपासणी. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर तपासण्या झाल्या, दोन लाखांहून जास्त रुग्ण सापडले. काम मोठं आहे, कबूल. पावसाळ्यात चिखल तुडवत नळ्यांचा डबा घेऊन पाड्यावर जाणाऱ्या आशाताईंना तर कोपरापासून नमस्कार. पण तपासणी झालेल्यांचा आकडा रोज चढता. सापडलेल्या दोन लाखांपैकी किती जणांच्या पोटात या महिन्यात औषध गेलं, तो आकडा कुठल्या फलकावर झळकताना बघितलाय का कोणी?

कारण औषध आहे. डिझाइनबिझाइन काही नाही, म्हातारं औषध आहे. हायड्रॉक्सियुरिया. पहिल्यांदा बनवलं १८६९ मध्ये, पुढे कॅन्सरसाठी वापरलं. ब्रुकलिनच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये एक गोष्ट टिपली होती: सिकलसेलची बाळं पहिले काही महिने ठणठणीत असतात, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून रक्तात असतं आणि ते दोऱ्या वळू देत नाही. हायड्रॉक्सियुरिया तेच बाळपणीचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं. १९९८ पासून अमेरिकेत सिकलसेलसाठी ते मान्य आहे. आपल्याकडे नागपूरच्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की आपल्याच पोरांना वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, एवढ्या कमी डोसातही झटके आणि रक्त चढवण्याची पाळी दोन्ही कमी होतात. कॅप्सूल काही रुपयांची.

आता गणित करा. पोरगं वीस किलोचं. रोजचे २०० मिलिग्रॅम. कॅप्सूल ५०० ची. भागाकार कोणी करायचा? आईने, चुलीपुढे! लहान मुलांसाठी देशी सिरपची घोषणा २०२३ च्या नोव्हेंबरात झाली. घोषणा वेळेवर होतात, त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय ही कॅप्सूल सुरू केली की पांढऱ्या पेशी घसरत नाहीत ना, हे ठरावीक दिवसांनी रक्त तपासून बघावं लागतं. म्हणजे डॉक्टर हवा, प्रयोगशाळा हवी, रस्ता हवा. पर्लकोटा नदीचं पाणी पुलावरून वाहू लागलं की भामरागड दोन-चार दिवस जगापासून तुटतं. त्या वेळी सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत फुकट प्रवासाची सवलत असते खरी, एसटीच नसते.

"ताई, गोळी आली का जी?"

"नाही आली बाप्पा. पुढच्या मंगळवारी ये."

कुठल्याही केंद्राच्या खिडकीपाशी होऊ शकणाऱ्या या संवादाला संशोधन म्हणत नाहीत, म्हणून त्यावर परिषदा भरत नाहीत.

संशोधन कोणासाठी, हा प्रश्न गडचिरोलीला नवा नाही. १९८६ मध्ये इथे आलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीच्या काळातच सिकलसेलचं सर्वेक्षण केलं. हे लोकांनी मागितलंच नव्हतं, असं डॉ. बंग यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलं, आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेने नंतर लोकांना विचारून विषय घ्यायची रीत पाडली. ही गोष्ट भाषणांत सगळ्यांना आवडते. वागण्यात कमी जणांना.

चंद्रपुरात तर आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठीचं संशोधन केंद्रच आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात त्याचं राष्ट्रार्पण झालं. त्याच दिवशी समृद्धी महामार्ग आणि वंदे भारतचंही उद्घाटन होतं, त्यामुळे बातमीत केंद्र कुठल्या ओळीत आलं असेल ते तुम्हीच ताडा. ते तिथे आहे हे बरंच आहे. निदान रक्ताच्या बारीक तपासणीचं ज्ञान मुंबईहून दोन पावलं जंगलाकडे सरकलं.

एक बारीकसं दुखणं आणखी. मिशन आदिवासी भागांसाठी आहे. पण व्हॅलिन जातीचा दाखला बघून चिकटत नाही. विदर्भात सिकलसेल माडिया-गोंडांत आहे तसा बौद्ध वस्त्यांत आहे, इतर मागासांतही आहे. ब्रह्मपुरीच्या एसएस पोराने काय सांगावं, माझं हाड आदिवासी उपयोजनेच्या बाहेर दुखतंय म्हणून?

आणि ते सिकलसेलचं कार्ड! लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवा, सल्ला शास्त्रशुद्धच आहे. दोघेही एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएस बाळाची. पण पत्रिकेतल्या मंगळाचा जाच ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, कार्ड आधी कोणाचं मागतात. मुलीचंच.

आता ताजी बातमी. २०२३ च्या शेवटी ब्रिटन-अमेरिकेने जनुकांत काटछाट करणारा उपचार मंजूर केला. अमेरिकेतली तेव्हाची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे साधारण १८ कोटी रुपये. इकडे दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेने त्याच जातीचा देशी क्रिस्पर उपचार तयार केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या हाती दिलं. विज्ञान पहिल्या दर्जाचं, त्यात शंका नाही, आणि स्वस्तात झालं तर या जिल्ह्यांचं सोनं होईल. उपचाराचं नाव 'बिरसा १०१'. रुग्णाच्या मूळपेशी काढायच्या, दुरुस्त करायच्या, जबर केमो देऊन मज्जा रिकामी करायची, पेशी परत सोडायच्या आणि कित्येक आठवडे निर्जंतुक खोलीत ठेवायचं. बिरसा मुंडांचं नाव देऊन झालंय. आता अशा खोल्या किती, त्या नागपूरच्या अलीकडे आहेत की पलीकडे, आणि पहिल्या शंभर रुग्णांत भामरागड, एटापल्ली, सिरोंचाचे किती, एवढं पुढच्या पत्रकार परिषदेत कोणी विचारेल काय जी?