बंदरावरचं चार महिन्यांचं

मालवणच्या बंदरावर मासळीचा लिलाव उरकला, की ओढून ठेवलेल्या होड्यांखालून पिल्लं बाहेर येतात. पाऊस सरल्यानंतरच्या दिवसांतच कुत्र्या वितात. घरात कुत्रं हवं असलेला माणूस तिथे उभा राहतो आणि त्याचा हात न चुकता सगळ्यात लहान पिल्लाकडे जातो. महिनाभराचं, पोट फुगलेलं, तळहातावर मावणारं. शेजारीच चार महिन्यांचं लांबटांग्या पिल्लू शेपूट हलवत उभं असतं, त्याच्याकडे कोणी बघतही नाही. "बारीक पिल्लू हाड रे, लळो लागता," असं घरून सांगून पाठवलेलं असतं.

हा लळ्याचा हिशेब चुकीचा आहे. तो पिल्लाच्या जिवावर बेततो.

मी स्वतः असंच एक महिन्याचं पिल्लू आणलं होतं. गाईचं दूध पाजलं, पोरांनी आळीभर मिरवलं. नवव्या दिवशी रक्ताची हगवण लागली, पार्वो. दोन दिवसांत गेलं. तेव्हा कोणी विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही, की त्याला आईजवळून उचलायची एवढी घाई कशाला होती.

पिल्लाचे डोळे उघडतात दहा-चौदा दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यापासून ते भावंडांशी खेळायला लागतं. जोरात चावलं की भावंड केकाटतं, खेळ मोडतो, आणि दात किती रुतवायचे हे त्याला कळतं. हा धडा माणसाला धड शिकवता येत नाही. सहाव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू पुढे पोरांच्या हाताला दात लावतं, आणि मग दोष कुत्र्याच्या जातीला दिला जातो. केंद्राच्या 2017 च्या श्वान प्रजनन नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई केली आहे. बंदरावरच्या पिल्लाची विक्री होत नाही, म्हणून त्याला हा नियम लागत नाही. पोट मात्र त्याचंही तेच, आणि आईही.

"मोठा पिल्लू घराक रवणा नाय," ही दुसरी समजूत. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली मांडलं, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाला जे भेटतं ते त्याला आपलं वाटायला लागतं. मग बंदरावरच्या पिल्लाला या काळात काय काय भेटलं ते बघा. बोटीच्या इंजिनाची धडधड, लिलावाचा गलका, जाळी ओढणारी माणसं, मासे निवडणाऱ्या बायका, पोरं, पर्यटक, गाड्या. दिवाळीचे फटाकेसुद्धा. माणसाळायला आणखी काय हवं? चार महिने पिंजऱ्यात किंवा साखळीला काढलेलं पिल्लू मात्र घेताना दहादा विचार करा, मग ते कितीही महागाच्या जातीचं असो. तिथे वय खरंच आड येतं.

शिवाय चार महिन्यांचं पिल्लू तगलेलं असतं. आयसर कोलकात्याच्या अनिंदिता भद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या 364 पिल्लांचा मागोवा घेतला. वयात येईपर्यंत जगली ती 19 टक्के. जी गेली त्यांतल्या 63 टक्क्यांमागे या ना त्या रीतीने माणूस होता. एवढ्यातून निभावून जे पिल्लू तुमच्याकडे शेपूट हलवत येतं, त्याला "शिळं" म्हणून मागे सोडायचं?

लसीचं गणितही मोठ्याच्याच बाजूचं आहे. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण लहान वयात लसीला नीट काम करू देत नाही. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, आणि मधल्या काळात पार्वोला दार उघडं राहतं. सोळा आठवडे उलटलेल्या पिल्लाचं एक-दोन डोसांत भागतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे तीही त्याच दिवशी देता येते.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागते. मागे उरलेलं मोठं पिल्लू बहुतेकदा मादी असतं. "कुत्री नको, पिल्लं घालते" म्हणून. सहा महिन्यांची झाल्यावर तिची शस्त्रक्रिया होते, प्रश्न तिथेच मिटतो. तेवढ्यासाठी तिला उघड्यावर टाकायचं नसतं.

उद्या लिलाव संपल्यावर जा. घाईने हात घालू नका, थोडं बसा. जे आपणहून जवळ येईल त्याचं तोंड उघडून बघा. पुढचे सुईसारखे दात पडून तिथे रुंद दात डोकावत असतील तर ते चार महिन्यांच्या आसपासचं आहे. तसंच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, मग घरी. रात्री खळ्यात बांधू नका, आपल्याकडे बिबट्या पार घरापर्यंत येतो. पडवीचं दार लावून आत घ्या. आणि होडीखालच्या महिन्याच्या पिल्लांसाठी काही करायचंच असेल, तर त्यांच्या आईला रोज पेज आणि मासे घाला.