बेंदराचा जन्म, एक जूनचा दाखला

१ जूनला पहाटे सहाच्या आधीच प्रस्तुत लेखकाच्या उशाशी फोन वाजू लागतो. पहिल्या शुभेच्छा बँकेच्या. मग विमा कंपनी, मग मोबाइल कंपनी, मग ज्या दुकानातून सात वर्षांपूर्वी एकदाच चष्मा केला ते दुकान. ‘आपल्या या खास दिवशी’ अशी सगळ्यांची सुरुवात. घरातलं माणूस मात्र एक चकार शब्द काढत नाही. बायको रोजच्यासारखी म्हणते, “दुधाची पिशवी आणा, आणि येताना कोथिंबीर.” हा माणूस १ जूनला जन्मलेला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोला जरा जास्तच ठाऊक आहे, कारण तिच्या आधार कार्डावरही १ जूनच आहे.

त्याचं असं झालं. वडिलांनी बखोटीला धरून त्याला शाळेत नेलं. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून पलीकडं नेऊन डावा कान धरायला लावला. कानाला बोट लागलं की पोराला सहा वर्षं पुरी झाली, अशी त्या काळची वैद्यकीय तपासणी. प्रस्तुत लेखकाचं बोट कानापासून दोन पेरं अलीकडं थांबलं. त्यानं मान कलती केली. गुरुजींनी ते बघितलं, पण पटावर पोरं कमी होती.

“जन्म कधीचा?”

“बेंदराचा,” वडिलांनी बैलांच्या सणाची खूण सांगितली.

“आणि साल?”

“आमची हरणी म्हस पयल्यांदा व्याली, त्याच साली.”

गुरुजींनी शाईचं पेन झटकलं. हरणीचा जन्ममृत्यू दाखला त्यांच्याकडं नव्हता. शाळा जूनमध्ये भरायची, तेव्हा पोराची सहा वर्षं जूनच्या पहिल्या दिवशी पुरी झालेली असली की पुढचं सगळं गणित सोपं. “एक जून लिहितो. सुटसुटीत आहे,” ते म्हणाले. मागं रांगेत उभी असलेली अकरा पोरं आणि तीन पोरी त्याच मुहूर्तावर, त्याच शाईत जन्माला आल्या. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या जनरल रजिस्टरचं पान उघडा, हाच प्रकार. एका दिवशी इतकी बाळंतपणं निभावून नेणारा गुरुजींसारखा दुसरा सुईण-वर्ग जगात झाला नसेल.

पुढं हायस्कुलात अक्षर बरं म्हणून फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम त्याच्याकडं आलं. कुणाची जयंती, कुणाची पुण्यतिथी, कुठली लढाई, कुठला शोध. साहजिकच त्यानं आधी स्वतःच्या तारखेला कोण कोण आहे ते हुडकलं. आणि लक्षात आलं की ही यादी फळ्यावर कधीच लिहिता येणार नाही. शाळा उघडायची जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. जन्मतारीख दिली ती अशी, की शाळेत कधी वाढदिवस पडू नये! मग त्यानं यादी एका दोनशेपानी वहीत उतरवली. ती वही अजून आहे, आणि वाढत चालली आहे.

वहीतली पहिली नोंद कोल्हापूरची. १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर तिथून बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्णी त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी फुंकणारी बाई पडद्यावर आली. चार वर्षांत, १९३३ ला, हा सगळा संसार पुण्याला गेला. त्यामुळं प्रभात रोड आज पुण्यात आहे आणि कोल्हापूरकराच्या वाट्याला आहे तो जन्मदाखला. हे दुःख कुठल्याही कोल्हापूरकरासमोर काढून बघावं. चहा गार होईल, पण विषय संपणार नाही.

त्याच दिवशी, म्हणजे नुसतं त्याच तारखेला नव्हे तर १ जून १९२९ च्याच शनिवारी, तिकडं कलकत्त्यात जद्दनबाईंच्या पोटी एक मुलगी जन्मली. पाळण्यातलं नाव फातिमा, पडद्यावरचं नर्गिस. पाचांनी मिळून कंपनी काढली त्या दिवशी हिंदी सिनेमाची नायिका पाळण्यात, हे वाचल्यावर प्रस्तुत लेखक दोन दिवस जमिनीवर नव्हता. वही जाडजूड होत गेली तसा खेळ आणखी रंगला. नर्गिसच्या ‘आवारा’चे लेखक ख्वाजा अहमद अब्बास १९८७ साली वारले, ते नेमके १ जूनला. आणि नर्गिस स्वतः गेली १९८१ च्या ३ मे रोजी. ३ मे म्हणजे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो दिवस. प्रभातनं पहिला मराठी बोलपट काढला तो १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’. त्यातही राजा हरिश्चंद्रच! ह्यातून काय सिद्ध होतं? काहीही नाही. पण रात्री दिवा लावून वही चाळणाऱ्या माणसाला सिद्ध करायचं कुठं असतं?

मेरिलिन मन्रोही १ जूनचीच, १९२६ ची. ही नोंद वहीच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरात आहे. मृत्यूच्या रकान्यात १९६८ साली हेलन केलर आहेत, आणि १९९८ साली गो. नी. दांडेकर. त्या बातमीच्या दिवशी लेखकानं बँकेच्या शुभेच्छा न वाचताच फोन ठेवला असं लिहायला बरं वाटलं असतं, पण तेव्हा त्याच्याकडं फोनच नव्हता.

खरी मौज पुढच्या नोंदींत आहे. १ जून १९३० ला मुंबई-पुण्यादरम्यान डेक्कन क्वीन धावली. १ जून १९४८ ला पुणे आणि अहमदनगरच्या दरम्यान पहिली एसटी निघाली. प्रभात, डेक्कन क्वीन, एसटी. एक तारीख, तीन सुरुवाती. इथं प्रस्तुत लेखकाच्या डोक्यात प्रकाश पडला. नर्गिस आणि मेरिलिन जन्मल्या. बाकीची मंडळी *सुरू झाली*. कंपनी, गाडी, महामंडळ असं काहीही काढायचं म्हटलं की माणूस पहिली तारीख बघतो. हिशेब सोपा जातो. गुरुजींनी पोरांना नर्गिसच्या रांगेत बसवलंच नव्हतं, एसटीच्या रांगेत बसवलं होतं. तेव्हापासून स्टँडवर लाल गाडी दिसली की त्याला भाऊबंदांसारखं वाटतं. फरक एवढाच की एसटीच्या वर्धापनदिनाला आगारात रांगोळी निघते, डेक्कन क्वीनसाठी पुणे स्टेशनवर प्रवासी केक कापतात. केकचा तुकडा रेल्वेला मिळतो, ह्याला कोथिंबीर आणायला लावतात.

मग खरा वाढदिवस कधी? इथं घोटाळा दुसऱ्याच दिशेनं सुरू होतो. आई म्हणायची, “बेंदराच्या सकाळी, धारेच्या टायमाला.” वेळ ठरली. पण बेंदूर कोणता? कोल्हापूर जिल्ह्यात बेंदूर दोन. इचलकरंजीकडं कर्नाटकी बेंदूर, तो ज्येष्ठ पौर्णिमेला. इकडं करवीरच्या बाजूला महाराष्ट्रीय बेंदूर, तो आषाढात. आईचं माहेर इचलकरंजीजवळचं, आणि पहिलं बाळंतपण माहेरी. तेव्हा आईच्या तोंडचा बेंदूर कर्नाटकी. पण गुरुजींना सांगितलं वडिलांनी, आणि वडिलांच्या लेखी बेंदूर म्हणजे आपल्या गावचा, दुसरा बेंदूरच नव्हे. सबब, मूल एक, सकाळ एक, आणि मधे महिन्याभराचं अंतर.

असा महिन्याचा घोळ थोरामोठ्यांच्याही वाट्याला आला आहे, हे कळल्यावर त्याला धीर आला. खुद्द राजर्षी शाहू महाराजांचा जन्म १८७४ सालचा, कसबा बावड्यातल्या लक्ष्मी विलास पॅलेसमधला. तारीख २६ जून, आणि सरकार ती सामाजिक न्याय दिन म्हणून पाळतं. पण जुनी पुस्तकं उघडलीत तर काहींत २६ जुलै भेटते. जून की जुलै? म्हणजे थेट बेंदराचाच वाद! भरीला २६ जुलैही काही रिकामी तारीख नव्हे. १९०२ साली त्याच दिवशी नोकऱ्यांमधल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा करवीर दरबारचा आदेश निघाला.

आदेश निघाला तेव्हा महाराज विलायतेत होते, बादशहा सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी. तो समारंभ ठरला होता २६ जूनला. म्हणजे महाराजांच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाला सगळं लंडन नटूनथटून बसणार होतं. पण दोन दिवस आधी, २४ जूनला, एडवर्डच्या अपेंडिक्सनं उचल खाल्ली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि कार्यक्रम पुढं ढकलला. नवी तारीख पडली ९ ऑगस्ट. आता वहीचं ऑगस्टचं पान काढा. ९ ऑगस्ट १८९० ला कोल्हापुरात गायक-नट केशवराव भोसले जन्मले. विलायतेत मुकुट चढत होता त्या दिवशी ते बरोबर बारा वर्षांचे झाले होते. बादशहाच्या दरबाराला पत्ता नव्हता, पण त्यांनी राज्याभिषेक एका कोल्हापुरी वाढदिवसावरून उचलला तो दुसऱ्या कोल्हापुरी वाढदिवसावर नेऊन ठेवला. हा शोध लागला तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि बायकोला उठवून सांगण्याची चूक प्रस्तुत लेखकानं केली. “मग आता एडवर्डला फोन लावू काय?” एवढं बोलून ती कुशीवर वळली.

वहीच्या त्याच पानावर खाली आणखी एक ओळ आहे. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजेच केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. उजाडली ती केशवरावांची जयंती. ही ओळ वहीत जरा वाकडी गेली आहे.

तर दोन बेंदरांचा वाद. तो नुसता कौतुकाचा नव्हता, त्यात पैका होता. सरकारी नियम असा, की ज्या नोकराचा जन्म महिन्याच्या १ तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त. म्हणून ३१ मेला महाराष्ट्रातल्या कचेऱ्या निम्म्यानं रिकाम्या झाल्यासारख्या वाटतात. प्रस्तुत लेखकाच्या कचेरीत त्या दिवशी त्याच्यासकट सात जण सुटले. सात नारळ, सात शाली, सात फेटे, आणि साहेबांचं भाषण एकच, फक्त नावं बदलून. पाचव्या नावापर्यंत साहेबांना कुणाला मधुमेह आहे आणि कुणाला नातू झालाय, ह्याची सरमिसळ झाली. सहाव्याला नसलेल्या नातवाबद्दल टाळ्या मिळाल्या. घरी आल्यावर त्यानं हिशेब मांडला. कर्नाटकी बेंदूर जूनमध्ये पडला असेल, तर खरी निवृत्ती ३० जून, म्हणजे एक पगार बुडाला. महाराष्ट्रीय बेंदूर जुलैचा धरला तर ३१ जुलै, दोन पगार बुडाले. त्या रात्री तो पहिल्यांदा वडिलांच्या बाजूनं झाला.

लग्नाच्या वेळचाही किस्सा आहे. पत्रिका मांडायला बसलेल्या काकांना दोन्हीकडून १ जून मिळाला. त्यांनी गुण जुळवले, छत्तीसपैकी अठ्ठावीस आले, सगळे खूश. हे अठ्ठावीस गुण कुणाचे जुळले? त्याच्या शाळेच्या हेडमास्तरांचे आणि तिच्या शाळेच्या हेडमास्तरांचे. संसार मात्र बरा चालला आहे.

परवा पेठेतल्या तालमीजवळ फ्लेक्सवाल्याच्या दुकानात तो झेरॉक्स काढायला गेला होता. कोल्हापुरात वाढदिवसाला फ्लेक्स लागला नाही तर माणूस त्या वर्षी मोठा होत नाही. भिंतीशी जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवलेले. त्यातला एक पोरानं उलगडून दाखवला. एका फ्लेक्सवर नऊ चेहरे, फेटे बांधलेले, मिश्या पांढऱ्या, खाली एकच तारीख.

“वर्गणी काढून एकच लावायची, काका. परवडतंय. पण एक जूनवाले आता कमी हुत चालल्यात बघा.”

“म्हणजे?”

“आता सगळी पोरं दवाखान्यात जन्मत्यात की. तिथं घड्याळ बघून लिवत्यात. कुणाची पाच, कुणाची सतरा. धंदा वर्सभर वाटून ग्येला.”

त्यानं झेरॉक्सचे पैसे दिले आणि घरी येऊन वहीच्या १ जूनच्या पानावर लिहायला पेन काढलं, पण जागा संपली होती.

आई होती तोवर तिचं एक ठरलेलं असायचं. ज्येष्ठ पौर्णिमेला माहेरच्या बेंदराची म्हणून पुरणाची पोळी व्हायची. बैलांची शिंगं रंगवून, त्यांना ओवाळून झालं की त्याच तबकानं ती प्रस्तुत लेखकालाही ओवाळायची, कपाळावर शिंगाच्या रंगाचा एखादा ठिपकाही उमटायचा. “आजच हाय बग तुझा दिवस,” ती म्हणायची. महिन्याभरानं आषाढातला बेंदूर यायचा. पुन्हा पुरण शिजायचं, पुन्हा बैल, पुन्हा तबक.

“आजच हाय बग तुझा दिवस.”