अर्धांगिनी नव्हे, पूर्ण कर्जदार

लग्नात आम्ही सात पावलं चाललो, गृहकर्जात दोनशे चाळीस हप्ते. गुरुजींनी सातही पावलांचा अर्थ सांगितला होता. बँकेतल्या मुलाने पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि म्हणाला, “मॅडम, इथे, इथे आणि मागच्या पानावर.” मी सह्या केल्या. कर्ज अर्धं माझं, अर्धं ह्यांचं, अशी माझी भाबडी समजूत. सहकर्जदार म्हणजे काय, ते पुढे कळलं. एकाने हात वर केले की दुसऱ्याकडून अख्खं कर्ज वसूल. बँकेच्या लेखी अर्धांगिनी नसते, असतो तो पूर्ण कर्जदार.

साल २०२१. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उसने देते तो दर, ४ टक्क्यांवर आला होता आणि ‘घर घ्यायची हीच वेळ’ असं भाजीवालासुद्धा सांगत होता. नवीन पनवेलात फ्लॅट, ५० लाखांचं कर्ज, रेपोबरोबर बदलणारं व्याज, तेव्हा पावणेसात टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता ३८,०१८. बिल्डरच्या होर्डिंगवर ‘विमानतळापासून दहा मिनिटं’. आमच्याकडे करंजाडे, कामोठे, उलवे, सगळंच विमानतळापासून दहा मिनिटांवर असतं. स्टेशनवरून रिक्षा मिळायला वीस लागतात, ते होर्डिंगवर मावत नाही.

मग मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो ४ वरून साडेसहावर गेला. आमचा हप्ता मात्र जिथल्या तिथे. अहो खूश. “बघ, आपल्याला काही फरक पडला नाही!” मी बँकेचं विवरणपत्र उघडलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ३८,०१८ रुपयांपैकी मुद्दलात पडले होते सातशेच्याही आत. बाकी सगळं व्याज. सातशे रुपयांत पनवेलच्या बाजारात बरं पापलेट येत नाही, आणि आम्ही घर फेडायला निघालो होतो. हप्ता तोच ठेवून बँकेने गुपचूप मुदत लांबवली होती. याच गतीने फेडायचं तर हिशेब चाळीस वर्षांच्या पलीकडे जात होता. म्हणजे शेवटचा हप्ता भरायला आम्हाला नातवाने धरून न्यावं लागलं असतं.

ही कथा घरोघरची झाली, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं. दर बदलला की कर्जदाराला सांगा, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला ठरवू द्या. विचारायचा हक्क मिळाला. पण विचारणार कोण? नवऱ्याला वाटतं बायको बघते, बायकोला वाटतं नवरा बघतो, आणि बँक दोघांकडे बघत असते.

शेवटी एका रविवारी आम्ही जेवणाच्या टेबलावरची ताटं उचलली आणि कागद मांडले. गृहकर्ज, गाडीचं कर्ज, सोसायटीचा मेंटेनन्स, फ्रिजचा तो ‘नो कॉस्ट’ हप्ता. मग अहो जरा घुटमळले आणि पाकिटातून चुरगळलेलं क्रेडिट कार्डाचं बिल काढलं. थकबाकी ९६ हजार, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. मी तोंड उघडणार, एवढ्यात आठवलं की माझ्याही साड्यांच्या खाली एक पावती आहे. भिशीचे पैसे साठवून केलेली दीड लाखाची मुदत ठेव, साडेसहा टक्क्यांनी. ‘अडीअडचणीला’ म्हणून. ह्यांना ठाऊक नव्हती, कारण अडचण म्हणजे बहुधा हेच असतात.

आता गणित बघा. ह्यांचं गुपित महिन्याला ३,३६० रुपये खात होतं. माझं गुपित महिन्याला आठशे रुपये कमावत होतं. एका घरातल्या दोन गुपितांचं भाडं महिना अडीच हजार! भांडण झालं, कडक झालं, सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. पण सोमवारी मी ठेव मोडली आणि कार्ड शून्यावर आणलं. ते कार्ड मी कात्रीने कापलं. तेवढं सुख मला हवंच होतं.

भांडणात ह्यांनी तुकोबांनाही ओढलं. “तुकारामांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, आणि तू कागद कवटाळून बसलीस!” मी म्हटलं, अहो, ती येणी होती, देणी नव्हेत. आणि तीसुद्धा स्वतःच्या वाट्याची. भावाच्या वाट्याची खतं त्यांनी भावाला देऊन टाकली, अशी कथा आहे. आपले कागद गाढी नदीत सोडा, बँकेच्या संगणकात ते कोरडेच राहतील.

त्यानंतरचं शहाणपण एका पोस्टकार्डावर मावेल. महाग कर्ज आधी फेडायचं. कार्ड, मग वैयक्तिक कर्ज, मग गाडी, घर सगळ्यांत शेवटी. घराचं कर्ज बदलत्या व्याजदराचं असेल तर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड लागत नाही. ५० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं, असं कर्ज धरा. हप्ता ४३,३९१, त्यातले पहिल्या महिन्याचे ३५,४१७ नुसतं व्याज. वर्षाला एकच हप्ता जादा भरला, तर हे कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. बोनस आला की दोघांना दोन वेगळ्या वस्तू सुचतात. तिसरी म्हणून हा जादा हप्ता सुचू द्या.

आणि व्याज उतरलं म्हणून हुरळू नका. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला. बँक म्हणेल, हप्ता कमी करू? नको म्हणा. हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करून घ्या. वाढताना मुदत वाढवली होती ना, मग उतरताना तिलाच उतरवा.

चार-सहा हप्त्यांची रक्कम मात्र बाजूला असू द्या, नाहीतर एक आजारपण आलं की पुन्हा कार्ड. तीही डोळे उघडे ठेवून. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द झाला, तेव्हा ‘बँकेत आहे म्हणजे आहे’ म्हणणाऱ्या पनवेलकरांना ठेवीचा विमा एका बँकेत पाच लाखांपर्यंतच असतो, हे पाठ झालं.

२५ डिसेंबर २०२५ ला आमच्या विमानतळावरून खरंच विमानं उडाली. शेजारी म्हणतात, फ्लॅटचा भाव वाढला. वाढला असेल. पण ज्या घरात राहायचंय त्याच्या वाढलेल्या भावातून हप्ता भरता येत नाही. तो पगारातूनच जातो, पाच तारखेला, विमान उडो न उडो.

तेव्हा या रविवारी जेवण झालं की ताटं उचला आणि कागद मांडा. त्याचं कार्ड, तिची भिशी, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, सगळं. भांडण होईल. होऊ द्या, त्याला व्याज लागत नाही.