रसद पोचली, सैन्य नाही

पानिपतावर भाऊसाहेबांचं नेमकं काय चुकलं, हे मला ठाऊक आहे. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एवढंच काय, दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तोंडात कापसाचे बोळे असतानाही मी ते सांगितलेलं आहे. सूरजमल जाटाचा सल्ला मानायला हवा होता. बायकामुलं आणि बुणगे मागे सुरक्षित ठेवायला हवे होते. गोलाची लढाई सोडून गनिमी कावा करायला हवा होता. इतकी साधी गोष्ट तेव्हा कुणाला पटू नये आणि मला सदाशिव पेठेत चहा पिताना पटावी, म्हणजे नियतीने माझी नेमणूक अडीचशे वर्षं उशिरा केली, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

म्हणूनच भाचीने माझी जुनी सीडी कपाटातून उकरून, काय काय खटपटी करून 'द बॅटल फॉर मिडल-अर्थ' नव्या लॅपटॉपवर चालू केला आणि "मामा, एक डाव?" असं विचारलं, तेव्हा मी तिला आधीच सांगून टाकलं, "हरलीस तर वाईट वाटून घ्यायचं नाही."

खेळ २००४ सालचा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो काढला तेव्हा त्यांच्याकडे टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या पुस्तकाचे नव्हे, त्यावरच्या पीटर जॅक्सनच्या चित्रपटांचे हक्क होते. त्यामुळे चेहरे, चिलखतं, हॉवर्ड शोरचं संगीत, सगळं पडद्यावरचंच. पुढे दुसरा भाग आला २००६ मध्ये. आता हे खेळ दुकानात मिळत नाहीत, कंपनीचे सर्व्हरही केव्हाच बंद झालेत. चाहते आपल्या हौसेवर ते जिवंत ठेवून आहेत. मरू घातलेल्या राज्याचं नेतृत्व करायला मला नेहमीच आवडलेलं आहे.

मी रोहन घेतलं, घोडेस्वारांचं राज्य. घोडदळ म्हणजे आपलाच प्रांत. माझा स्वतःचा अश्वारोहणाचा अनुभव माथेरानपुरता आहे आणि तेव्हाही घोडा माझं न ऐकता मालकाचं ऐकत होता, पण रक्तात असतं ते असतंच. भाचीने आयसेनगार्ड घेतलं. दुष्ट जादूगार सारुमानचं. तिची माणसं पहिल्या मिनिटाला झाडं तोडायला लागली. पर्यावरण हा तिचा कॉलेजातला प्रोजेक्टचा विषय आहे.

आता या खेळात पैसा कुठून येतो? तर शेतातून. हे कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. कारण पानिपताचं खरं मर्म (पानिपतावर मी व्याख्यानं देतो, त्यातला हा भाग मी मध्यंतरानंतर घेतो) तलवारीत नसून रसदीत आहे. दोन-अडीच महिने कोंडलेलं सैन्य, डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले, दाणागोटा आटला, आणि १४ जानेवारी १७६१ ला उपाशी पोटाने माणसं रणात उतरली. तेव्हा सुज्ञ सेनापती आधी काय करेल? शेत घेईल. मी शेत घेतलं. मग दुसरं घेतलं.

इथे मला जरा थांबून एक जुनी तक्रार नोंदवायची आहे. 'द रिटर्न ऑफ द किंग'ला अकरा ऑस्कर मिळाले, मिळोत बापडे. पण त्यात ते मिनास तिरिथ नावाचं पांढरंशुभ्र सातमजली शहर आहे ना, त्याच्या बाहेर पाहा. मैलोन् मैल नुसतं गवत. वांग्याचं एक रोप नाही. कोथिंबिरीची जुडी नाही. एवढं शहर रोज जेवतं काय? तो कारभारी डेनेथॉर चेरी टोमॅटो खातो, रस हनुवटीवरून ओघळतो, ते टोमॅटो आले कुठून? टॉल्किनने पुस्तकात त्या मैदानावर शेतं आणि फळबागा दिलेल्या आहेत. तो माणूस भाषेचा प्राध्यापक असला तरी त्याला भूक लागत असावी. चित्रपटवाल्यांनी हत्ती पळवायला जागा हवी म्हणून सगळी बागायत सपाट केली. आमच्याकडे पन्हाळ्यावर जा. तटबंदी पाहून लोक परत फिरतात, पण पाहायचा असतो तो अंबारखाना. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याच्या कोठारांना नावं दिलेली. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. ज्यांनी गड बांधले त्यांना ठाऊक होतं की शत्रू तटावरून येतो त्याआधी पोटातून येतो. तेव्हा चित्रपटाचेच हक्क घेऊन चित्रपटात नसलेली शेतं ज्या कुणी या खेळात घातली, त्याच्या आजोळी नक्की बैलजोडी असणार. त्याला माझा नमस्कार.

आणि शेत तरी कसं! किल्ल्याच्या तटाआत ठरलेले चौथरे असतात, त्यातला एक निवडायचा, की आपोआप घर उभं राहतं, शेजारी पीक डोलायला लागतं. थोड्या थोड्या वेळाने छपरावरून एक आकडा वर तरंगत जातो: तेवढे पैसे जमा. मधे अडत नाही, तोलाई नाही, बाजार समितीचा संप नाही. अवकाळी नाही. पंचनाम्याला तलाठी येत नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे जसजसं शेत जुनं होतं तसतसं ते जास्त पिकतं. माझे आजोबा हे वाक्य ऐकून उठून गेले असते. वरून पाहिलं की तो सगळा किल्ला दिवाळीत अंगणात केलेल्या किल्ल्यासारखा दिसतो. आम्हीही मावळ्यांपेक्षा अळिवाच्या शेताला जास्त वेळ पाणी घालायचो.

सांगायचा मुद्दा, तटाआतला एकही चौथरा मी तबेल्याला दिला नाही. मग तटाबाहेर, लांब डोंगराच्या कडेला झेंडे लावलेले सुटे तुकडे असतात, तेही घेतले. तिजोरी भरली. संगीत चांगलं होतं. मी चहा मागवला.

"मामा, तुझं सैन्य कुठंय?"

"रसद आधी."

"हो, पण कुणासाठी?"

हा प्रश्न व्याख्यानात कधी कुणी विचारला नव्हता.

घाईघाईने तबेला बांधला, त्यासाठी एक शेत पाडावं लागलं, ते मनाला लागलं. घोडेस्वार आले, देखणे, हिरवे झेंडे, भाले. हेल्म्स डीपवर सूर्य उगवताना घोडदळ कड्यावरून खाली कोसळतं तो प्रसंग मी थिएटरात पाहिला होता. माझ्या बाजूचे गृहस्थ उभे राहिले होते. तीच चाल केली. गनिमी कावा असा की सरळ समोरून जायचं, कारण समोरून कुणी येईल असं तिला वाटणार नाही. तिने सारुमानचे भालेवाले सैनिक, उरुक, ओळीत उभे करून ठेवले होते. घोडदळाने भाल्यांवर समोरून जायचं नसतं, हे या खेळाचं पहिलं कलम आहे आणि माणसाच्या इतिहासाचंही फार मागचं नसावं. डोळ्यांसमोर घोडे कोलमडले. ती फोनवर मैत्रिणीशी बोलत होती.

"मामा, शेतकरी काढ ना," तिने फोन न ठेवता सल्ला दिला. "स्वस्तात येतात."

येतात खरे. रोहनच्या शेतातूनच शेतकऱ्यांची तुकडी काढता येते, सगळ्यात स्वस्त सैन्य तेच. त्यांच्याने शत्रू मरत नाही, पण शत्रूचा वेळ जातो. थोडे पैसे आणखी टाकले की त्यांना बरी शस्त्रंही मिळतात. 'द टू टॉवर्स'मध्ये शस्त्रागारात म्हाताऱ्यांच्या आणि मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या हातात तलवारी देतात, तेच हे लोक. मी एक तुकडी काढली. माउसचं चाक फिरवून जवळ जाऊन पाहिलं. एरवी मी वरूनच लढतो, इतिहासातही. बिनचिलखताची माणसं होती, अंगात मळके कपडे, हातात शेतीचंच काहीतरी. ती उभी होती आणि मी कुठे पाठवतो याची वाट पाहत होती. तिकडे भाचीचे लांडगेस्वार डोंगराकडेच्या शेताला आग लावत होते.

मला पुढे क्लिक करवेना.

पानिपताच्या व्याख्यानात एक वाक्य माझं ठरलेलं आहे: 'बुणग्यांच्या ओझ्याने सैन्य बुडालं.' टाळी येते त्यावर. कोण होते ते? यात्रेकरू होते, आचारी होते, पखाली वाहणारे, चारा कापणारे, घोड्यांना खरारा करणारे, कुणाची बायको, कुणाचं पोर. त्यांतल्या हजारोंची त्या दिवशी कत्तल झाली, कितीतरी गुलाम म्हणून विकले गेले. भाऊसाहेब, विश्वासराव, जनकोजी, इब्राहिमखान गारदी ही नावं मला पाठ आहेत. या लोकांतलं एकही नाव मला येत नाही आणि ते शोधावं असंही कधी वाटलं नाही. सैन्य उपाशी होतं म्हणून हरलं, हे मी मध्यंतरानंतर सांगतो. आणि त्या सैन्याला जेवू घालणाऱ्यांना ओझं म्हणतो मध्यंतराआधी. मधल्या पंधरा मिनिटांत बटाटेवडा असतो, त्यामुळे विसंगती लक्षात येत नसावी. आमच्या या धंद्यातल्या लोकांचा मला अलीकडे रागच येतो, आणि मी त्यांच्यात बराच वरच्या क्रमांकावर आहे.

असो. मी शेतकऱ्यांना तटाआत परत बोलावलं, दार लावून घेतलं.

"अरे, हे काय? पाठव ना त्यांना!"

"पेरणी राहिलीय त्यांची."

खेळात शेवटी एक ब्रह्मास्त्र असतं. शत्रू मारून गुण साठवायचे, ते पुरेसे झाले की मृतांचं हिरवं सैन्य बोलावता येतं. पगार नाही, जेवण नाही, येतात, कापतात, जातात. पितर म्हणजे संकटात येणारच, अशा भरवशावर मी गुण तपासले. पण त्यासाठी आधी शत्रू मारावा लागतो, ही अट माझ्या धोरणात बसत नव्हती. पितृपक्षात नुसत्या वाटीभर खिरीवर येतात.

मग शिड्या लागल्या, सुरुंग आला, भिंत उडाली. रोहनच्या राजाने, थिओडेनने, तटावरून एकट्याने बराच वेळ झुंज दिली. त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेतकरी अखेर लढले, कारण उरुकच आत आले आणि त्यांना माझ्या हुकुमाची गरज उरली नाही. माझ्या शिपायांपेक्षा ते जास्त वेळ टिकले असं मला वाटलं; भाची म्हणते, तसं काही झालं नाही.

किल्ला पडला. धूर निघाला. मी लॅपटॉप मिटणार, तेवढ्यात तिने फोन बाजूला ठेवला. इतक्या वेळात पहिल्यांदाच.

"हे संपत का नाही?"

संपणार कसं? तिच्या फौजा नकाशाच्या या टोकापासून त्या टोकाला धावायला लागल्या. लांडगे नदीकाठी गेले, भालेवाले जंगलात शिरले. माझ्या पडद्यावर मात्र वरच्या कोपऱ्यात, दोन कड्यांच्या खाचेत, तिला न दिसलेल्या एका छपरावरून आकडा निवांत वर जात होता. जुनं शेत, पिकतही जास्त होतं.

"मामा, तुझं कुठेतरी एक घर शिल्लक आहे. सांग ना कुठंय!"

"शोध."

"चीटिंग आहे ही! मी जिंकलेय, सगळं माझं आहे आता!"

"तलाठ्याकडे जा," म्हटलं, "सातबारा अजून माझ्या नावावर आहे."