रा. रा. फ्लेम सेन्सर यांस

राजमान्य राजेश्री फ्लेम सेन्सर,
मुक्काम: गॅस फर्नेसचं पोट, शेवटच्या बर्नरसमोर, तळघर, शिकागो.

साष्टांग नमस्कार वि. वि. पत्रास कारण की, बाहेर उणे 20 सेल्सिअस असताना आपण काल रात्री पुन्हा एकदा आपलं कर्तव्य चोख बजावलंत.

थर्मोस्टॅटनं हाक दिली. इंड्यूसर मोटर घुरघुरली, प्रेशर स्विच बसला, इग्नायटर लालबुंद झाला, व्हॉल्व्ह टक्कन उघडला आणि बर्नर ओळीनं निळे पेटले. इथवर कोणाचीच कुरकुर नव्हती. मग त्या ज्वाळेत आपण नखशिखांत उभे असताना आपल्याकडून निकाल आला की आग पेटलेलीच नाही! चार-पाच सेकंदांत गॅस बंद. पुन्हा तोच सोहळा, पुन्हा तोच निकाल. अखेर कंट्रोल बोर्डानं कंटाळून लॉकआउट जाहीर केला आणि दिवा मिचकावत बसला. समोर उभ्या पेन्शनराकडे हयातीचा दाखला मागणारा कारकूनही आपल्यापुढं हळवा वाटावा.

अधिकार मोठा, हे मान्य. गॅस सुटला आणि पेटलाच नाही तर तळघरात साचेल, घर उडेल. म्हणून व्हॉल्व्ह आपल्या शब्दाबाहेर नाही. आणि तो शब्द तरी केवढा? ज्योतीतून वीज वाहते, ती एका दिशेनं जास्त, उलट दिशेनं नाममात्र. एसी आत जातो, बोर्डाकडे किंचित डीसी पोचतो. जेमतेम काही मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचे दहा लाख तुकडे करून त्यातले दोन-चार. एवढीशी कमाई, तीही आपण अंगावरच्या पांढुरक्या पुटात गडप केलीत. धातूवर ऑक्साइड आणि सिलिकाचा थर चढला, प्रवाह अडला, आणि आपल्या लेखी धडधडीत आग विझली.

आळ मात्र भलत्यांवर. थर्मोस्टॅटला बिनकामाच्या नव्या बॅटऱ्या मिळाल्या, फिल्टर वेळेआधी कचऱ्यात गेला. आलेल्या मेकॅनिकनं तर आपल्याकडं ढुंकूनही न पाहता फर्नेसचं वय विचारलं आणि नव्या फर्नेसचं चकचकीत माहितीपत्रक टेबलावर पसरलं. हजारो डॉलरचा मामला, हप्त्यांची सोय! त्याच्या धंद्यात आपली भागीदारी असल्यास कळवावं.

शेवटी वीज बंद, गॅस बंद, पाव इंची नटड्रायव्हर. एकच स्क्रू, एकच वायर. बाहेर आलात तेव्हा काय ऐट होती! कंबरेला चिनी मातीचा पट्टा बांधलेली बोटभर काडी. बारीक स्टील वूलनं घासलं. सँडपेपर मुद्दाम टाळला, कारण ओरखड्यांत पुट लवकर धरतं. शेजारच्या इग्नायटरला हात लावला नाही. बिचारा ठिसूळ, शिवाय निर्दोष.

परत बसवल्यावर आपल्याला चक्क आग दिसली. ब्लोअर सुरू झाला आणि खिडकीच्या काचेवरचा बर्फ कडेनं सुटू लागला. अभिनंदन.

थंडीआधी, सप्टेंबरात, आपल्या अभ्यंगस्नानाला येतच आहे. तोवर तब्येत पुन्हा बिघडल्यास संकोच नसावा. बदलीचा उमेदवार प्लॅस्टिकच्या पिशवीत, ड्रॉवरमध्ये हजर आहे.

कळावे,
आपला,
स्वेटरवर स्वेटर घातलेला घरमालक