दाखलेराव

दाखलेराव मूळचा सांगलीकडचा, शिक्षण पुण्याचं, मुक्काम श्टुटगार्ट. चाकणला पाच-सहा वर्षं काढून तो गाडीच्या कुठल्याशा भागाचं सॉफ्टवेअर लिहायला ब्लू कार्डावर जर्मनीत आला. मग कायमचा परवाना झाला. आता नागरिकत्व. असे दाखलेराव म्युनिकमध्ये आहेत, फ्रँकफर्टमध्ये आहेत. मराठी माणसं चार जमली की त्यांतला एक निघतोच.

ओळख पटायला वेळ लागत नाही. बाकीचे हवेबद्दल बोलत असताना हा विचारतो, "तुमच्या एचआरने पत्रावर सही शाईची दिली की डिजिटल?"

27 जून 2024 पासून जर्मनीत नागरिकत्वासाठी आठाऐवजी पाच वर्षांचा रहिवास पुरतो. हे कळलं त्या रात्री दाखलेराव झोपला नाही. परीक्षेची त्याला भीती नव्हती. 33 प्रश्न, त्यांतले 17 बरोबर आले की पास, आणि सगळे प्रश्न आधीच जाहीर केलेले. दहावीला एकवीस अपेक्षित प्रश्नसंच कोळून प्यायलेल्या माणसाला ही परीक्षा म्हणजे अपमानच. जर्मन भाषेचा बी-वन दाखला तर फाईलला कधीच लागलेला होता. प्रश्न होता तो नोकरीचा. आपण स्वतःच्या कमाईवर घर चालवतो, सरकारच्या मदतीवर नाही, हे सिद्ध करायचं. त्यासाठी करारपत्र, अलीकडच्या महिन्यांच्या पेस्लिपा आणि कंपनीचं पत्र लागतं. काही ठिकाणी पेन्शन विम्याचा उताराही मागतात. कुठे तीन पेस्लिपा पुरतात, कुठे जास्त मागतात. दाखलेरावाने पहिल्या महिन्यापासूनच्या सगळ्या लावल्या. कंपनी त्या ऑनलाइन देते. हा छापतो, भोकं पाडतो आणि लाइट्झच्या जाड फायलीत लावतो. ही लाइट्झ कंपनी 1871 सालची, श्टुटगार्टचीच. त्यामुळे फाईल विकत घेतानाही आपण स्थानिक संस्कृतीशी समरस होतोय असं त्याला वाटतं.

त्या फायलीत चाकणच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर आहे, फॉर्म सोळा आहेत, पीएफचा हिशेब आहे. यांतलं काहीही कुणी मागितलेलं नाही. तरी त्याने रिलीव्हिंग लेटरचं शपथबद्ध अनुवादकाकडून, रीतसर पैसे मोजून, जर्मन भाषांतर करून घेतलं. खिडकीतल्या बाईंनी ते न वाचता परत सरकवलं. "हे लागत नाही."

"आज लागत नाही," दाखलेराव बाहेर आल्यावर मराठीत म्हणाला.

त्याच्या बायकोने तिचा अर्ज एका संध्याकाळी, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत, ऑनलाइन भरून टाकला. मागितलं तेवढंच जोडलं. दाखलेराव अजूनही तिच्या अर्जाच्या काळजीत आहे.

कंपनीचं पत्र मिळवायचं प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. त्या पत्रात चारच गोष्टी असतात. हा इसम अमुक तारखेपासून आमच्याकडे आहे, नोकरी कायमची आहे, पगार इतका आहे, आणि नोकरी सोडण्याची किंवा काढण्याची नोटीस अजून कुणी कुणाला दिलेली नाही. दाखलेरावाने हे पत्र मागितलं आणि एचआरच्या बाईंना वाटलं, गडी दुसरीकडे चालला. बातमी साहेबापर्यंत गेली. साहेबाने त्याला कॉफीला नेलं, इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणाला, पुढच्या महिन्यापासून तुझा पगार वाढवतोय.

दाखलेरावाचा चेहरा उतरला. पत्रात जुना आकडा, पेस्लिपवर नवा आकडा! तपासणारा विचारणार, यातला खरा कुठला?

"ही वाढ अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबवता येईल का?"

साहेबाने कप खाली ठेवला. पगारवाढ लांबवण्याची विनंती त्याच्यापुढे पहिल्यांदाच आली होती. वाढ झालीच. दाखलेरावाने पत्रही नव्याने काढून घेतलं आणि दोन्ही पत्रांसोबत आकडा का बदलला याचा एक पानी खुलासा जोडला.

अर्ज गेला. मोठ्या शहरांत निकालाला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. आणि तेवढ्यात कागद शिळे होतात. वर्षभराने कार्यालयाचं पत्र आलं: ताज्या पेस्लिपा आणि कंपनीचं नवं पत्र पाठवा. त्याचे निवृत्त वडील सांगलीत दर नोव्हेंबरला बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतात. "मागच्या वर्षी जिवंत होतो, ते चालत नाही का रे?" असं ते फोनवर कुरकुरतात. मुलगा इकडे नोकरीच्या हयातीचा दाखला देत बसलाय. फरक एवढाच, की वडिलांची तब्येत ठणठणीत आहे आणि जर्मन मोटारउद्योगाबद्दल तसं सांगता येत नाही. कपातीची बातमी आली की इतरांना घराचे हप्ते आठवतात. याला तारीख आठवते, पत्रावरची.

म्हणून तो नोकरी बदलत नाही. बाहेरून बरी बोलावणी येतात, पण नव्या नोकरीत सहा महिने प्रोबेशन, आणि प्रोबेशनवरच्या माणसाचं पत्र ते काय पत्र! साहेबाशी वाद नाही, खात्याबद्दल तक्रार नाही. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, "हे कोण करेल?" तर याचा हात वर. कंपनीला इतका निष्ठावंत माणूस गेल्या कित्येक वर्षांत मिळाला नसेल.

अखेर 255 युरोंची फी सार्थकी लागली. प्रमाणपत्र हातात आलं. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे निळा पासपोर्ट परत करणं आणि ओसीआय कार्डासाठी अर्ज करणं आलं. पासपोर्ट देण्याआधी त्याने त्याच्या कोऱ्या पानांच्यासुद्धा झेरॉक्स काढल्या. डोळे जरा ओले झाले होते, पण मशीनचं झाकण त्याने नीट दाबून धरलं होतं.

आता नवी पोरं त्याच्याकडे सल्ल्याला येतात. परवा एक आला, नुकताच हिंजवडीहून आलेला. दाखलेरावाने त्याच्यापुढे फाईल उघडली, कुठला कागद किती महिन्यांत शिळा होतो ते समजावलं, पत्राचा नमुना दिला. पोरगा भारावून गेला. निघताना बूट घालता घालता त्याने सहज विचारलं, "दादा, तुम्ही कंपनीत नक्की काम काय करता?"

दाखलेराव विचारात पडला. फाईल चाळली, करारपत्र पाहिलं, कंपनीची सगळी पत्रं पाहिली.

"ते नाही विचारत रे," तो म्हणाला.