गुरुजींचं नाक

चारोटी नाक्यावरून जव्हारच्या दिशेला वळलं की कासा लागतं. इथल्या प्रत्येक आळीत निदान एक तरी निवृत्त गुरुजी असतात. मूळ गाव घाटावरचं. पण डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळांत उभी नोकरी झाली, आणि मग 'आता परत जाऊन तरी काय करायचं' म्हणून इथेच घर बांधलं. मी लिहितोय ते कुणा एका गुरुजींबद्दल नाही. तरी कुणाला आपली आठवण झाली, तर तो योगायोग समजू नये.

गुरुजींच्या घरात कोणतीही वस्तू जुनी होत नाही. ती 'अजून चालते'. पंखा वाकड्या पात्यानं चालतो, मिक्सर झाकणावर हात दाबून धरला की चालतो, आणि न्हाणीघरातला गॅस गिझर तर, गुरुजींच्या शब्दांत, 'पळतो'. पावसाळ्यात इथली वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे एके काळी घरोघरी गॅस गिझर लागले, तेव्हाचा हा. त्यावरचं कंपनीचं नाव पुसलं गेलंय. गुरुजींना आता तो घरातला माणूसच वाटतो, आणि घरातल्या माणसाला कुणी गॅरंटी कार्ड मागत नाही.

गुरुजी आंघोळीला बसले की साऱ्या आळीला कळतं. आधी टक-टक-टक-टक. मग शांतता. पुन्हा टक-टक. आणि मग 'भप्प!' नवख्या पाहुण्याच्या हातातला चहा अशा वेळी बशीत सांडतो. नळ सोडल्यावर पाण्याच्या दाबानं आतला रबरी डायफ्रॅम ढकलला जायचा, त्यानं गॅसची वाट उघडायची आणि त्याच क्षणी ठिणगी पडायची, असा खरा क्रम. इथे गॅस आधी येऊन थांबतो आणि ठिणगी मागून सवडीनं येते. गुरुजी म्हणतात, "सेल जरा उतरलेत." मग ते दोन जाडे सेल काढून गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचे, पुन्हा घालायचे. हा उपचार वर्षानुवर्षं चालू आहे.

२०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक रात्री घराबाहेर झोपत होते. गुरुजीही झोपले. सकाळी सगळ्यांनी भिंतींच्या भेगा पाहिल्या; गुरुजींनी गिझर पाहिला. "खिळ्यावरून तसूभर हलला नाही!" हे ते आजही सांगतात. तो हलला नसला तरी त्याच्या नळीचे जोड हलले असतील, हे कुणी सुचवलं तर गुरुजी नाकावर बोट ठेवतात. गप्प बसा म्हणून नव्हे. नाक दाखवायला.

गुरुजींचा सगळा विश्वास त्या नाकावर. दूध नासायच्या आदल्या दिवशी त्यांना कळतं. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेत कुठल्या भज्यांचं तेल कालचं, हे ते रस्त्यावरूनच सांगतात. शेजारचा सिलिंडर गळत होता तोही त्यांनीच ओळखला होता. "गळती असती तर मला वास आला नसता का?" या प्रश्नापुढे आळीतला प्रत्येक वाद संपतो.

आता, स्वयंपाकाच्या गॅसला मुळात असा वास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं घाणेरडं रसायन मुद्दाम मिसळतात. म्हणजे ज्या शोधाचा गुरुजींना अभिमान, तो पडसं नसलेल्या कुठल्याही माणसाला लागला असता. आणि खरी मेख पुढेच आहे. हा गॅस नीट जळायला त्याच्या पंचवीस-तीस पट हवा लागते. न्हाणीघर टीचभर, आणि डिसेंबरात 'गार वारा येतो' म्हणून झरोक्याला गुरुजींनी जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा ठोकलेला. हवा कमी पडली, बर्नर काजळला, की निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, भोवळ येते, आणि आतून कडी लावलेली असते. आंघोळीला गेलेली धडधाकट माणसं यानंच दगावली आहेत.

हे ओळखलं ते बाईंनी. बाई म्हणजे गुरुजींच्या सौभाग्यवती, त्याही निवृत्त शिक्षिका, विज्ञान शिकवायच्या. त्यांचं डोकं वरचेवर दुखायचं. गुरुजींचं निदान ठरलेलं: "उपास झेपत नाहीत तुला." बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्या लक्षात आलं होतं, की डोकं उपासाच्या नाही, केस धुवायच्या दिवशी दुखतं, म्हणजे न्हाणीघरात जास्त वेळ जातो त्याच दिवशी. गुरुजी पेन्शनच्या कामाला डहाणूला गेल्याचं बघून त्यांनी पुठ्ठा उपटला आणि मिस्त्रीला बोलावलं.

काम संपायच्या आत गुरुजी परतले. मिस्त्रीनं गिझरचं झाकण काढून ठेवलं होतं. आत काजळी, तांब्याच्या कॉईलवर बोअरच्या पाण्याचे पांढरे थर.

"डायफ्रॅम बदल, मायक्रोस्विच बदल. अजून चालतोय तो," गुरुजी म्हणाले.

"ते बदलता येईल गुरुजी. पण कॉईल गेली, बर्नर गेला. ज्योत विझली तर गॅस बंद करणारं काही याच्यात नाय. आणि हा आत लावलाच कोणी?"

लावला गुरुजींनीच होता. त्यांनी विषय बदलला.

नवा गिझर मागच्या पडवीत, उघड्या हवेत लागला. न्हाणीघरात आता फक्त गरम पाण्याचा नळ येतो. आयएसआयचा शिक्का बाईंनी स्वतः चष्मा लावून तपासला. जुनी हिरवी नळी गेली, तारेच्या जाळीची नारिंगी सुरक्षा नळी आली आणि तिच्यावर मार्करनं तारीख पडली, कारण ही दर पाच वर्षांनी बदलायची. मग गुरुजी पुढे झाले आणि त्यांनी जोडाला नाक लावलं.

"नाकाचं काम नाय हे, गुरुजी," म्हणत मिस्त्रीनं वाटीत साबण फेसला आणि जोडावर लावला. एके ठिकाणी बारीक बुडबुडा फुगला. गुरुजींना वास आला नव्हता. मिस्त्रीनं पाना फिरवला, बुडबुडा थांबला. जुना गिझर भंगारात द्यायला मात्र गुरुजींनी साफ नकार दिला. तांबं आहे त्यात.

तेव्हापासून आळीला नवाच ताप झालाय. सकाळी आंघोळीच्या वेळेला गुरुजी फेसाची वाटी आणि ब्रश घेऊन दारोदार फिरतात. प्रत्येक भिंतीवर खडूनं १९०६ लिहितात, गॅसगळतीचा नंबर म्हणून. झरोके उघडायला लावतात, ज्योतीचा रंग विचारतात, उत्तर चुकलं तर पुन्हा विचारतात. परवा कोपऱ्यावरच्या वहिनींनी त्यांना लांबून पाहिलं आणि दारातूनच सांगितलं, "गुरुजी, आमचा गॅसचा नाही, इलेक्ट्रिकचा आहे!"

गुरुजींनी वाटी कठड्यावर ठेवली. "अर्थिंग कुठे दिलंय, दाखवा बघू."